चीज या वर्गात मोडणारी वहिनी

बांधावरचं वाळुंजाचं झाड छाटताना माझ्या वहिनीच्या, आफकेच्या, उजव्या डोळ्यात काडी गेली. आठवड्याभरात डोळ्याला बुरशी धरली. उट्रेख्त शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "नाटामायसिनचे थेंब घालायचे, तासातासाला. उशीर झाला तर डोळा जाईल."

वहिनी हसली. "अहो, चाळीस वर्षं तेच चीजला फासतेय मी, बुरशी धरू नये म्हणून. घरात डबाभर आहे."

"तो चीजचा लेप. तो घातलात तर डोळा बुरशीच्या आधी जाईल. थेंब वेगळे, आणि ते या देशात नोंदलेले नाहीत. बाहेरून मागवायला परवानगी लागेल."

अर्ज मी भरला. औषध विभागाने तो दोन दिवसांत निकाली काढला: सदर पदार्थ चीजच्या यादीत असल्याने प्रकरण अन्न विभागाकडे वर्ग. अन्न विभाग त्याहून तत्पर निघाला: पदार्थास अनुमती आहे, मात्र केवळ चीजच्या सालीवर, डोळ्यास साल असल्याचा पुरावा जोडावा.

"पापणी चालेल का विचार," दादा म्हणाला.

चालली. मग निरीक्षक होकस्ट्रा पाहणीला आले. गृहस्थ सज्जन. कॉफी घेतली, बिस्किट एकच उचललं, आणि मोजपट्टी लावून वहिनीची पापणी मोजली.

"रुग्ण म्हणून प्रकरण गेलं तर चौदा आठवडे," ते हळूच म्हणाले. "चीज म्हणून गेलं तर उद्या. चीज नासतं ना."

"आणि डोळा नासत नाही?" वहिनीने विचारलं.

"त्याला आमच्याकडे रकाना नाही, बाई."

वहिनीने चांगल्या डोळ्याने दादाकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर बघत होता.

"लिहा चीज," ती म्हणाली.

"निमकठीण की कठीण?"

"कठीण," दादा बोलून गेला. पुढचा आठवडाभर त्याला नुसता पाव मिळाला.

दुसऱ्या दिवशी थेंब दारात हजर. शिवाय साठवणीची स्थिती पाहायला रोज एक माणूस यायला लागला. त्याने झोपायच्या खोलीतली ओल काढली, खिडकीची फट बुजवली, आणि चीजचे गोळे उलटण्याच्या नियमाप्रमाणे दर दोन दिवसांनी वहिनीला कुशीवर वळायला लावलं. इतकी विचारपूस तिची बाळंतपणातही झाली नव्हती. डोळा वाचला. कडेने जरा धूसर दिसतं, एवढंच.

महिन्याभराने शेजारचा तेउनिस लंगडत आला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख त्याला आठ महिने मिळत नव्हती.

"अर्ज काय म्हणून केलास?" मी विचारलं.

"माणूस म्हणून."

"तिथंच चुकलास."

तुम्हाला हसू येईल. पण दुकानात चीजवरची तारीख तुम्ही चष्मा लावून वाचता. शेजाऱ्याला कुठली तारीख मिळाली, हे शेवटचं कधी विचारलंत?