हैदराबादचा थांबा आणि निळी बॅग

“ज्याच्या डोक्यातली लाईन कधीच जात नाही, ज्याची नजर पोतं न उघडता आतला माल ओळखते आणि ज्याचं नाव ऐकून अमरावतीपासून अकोल्यापर्यंतच्या भामट्यांच्या पोटात गोळा येतो, तो गुप्तहेर चंद्रभान म्हणजे मीच!”

असं आमचे हे प्रत्येक नवीन माणसाला सांगतात. परवा गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, “असं का जी? बरं, रिकामं सिलिंडर आना.”

मी चंदा. यांची बायको, स्वयंपाकीण, ड्रायव्हर आणि सहाय्यक. सगळे हुद्दे बिनपगारी. हे अमरावतीच्या जकात नाक्यावर कारकून होते. उभ्या नोकरीत येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रककडे संशयाने पाहिलं. पुढे नाके बंद झाले, पण यांचे डोळे काही बंद झाले नाहीत. आता हे लग्नात नवरदेवाकडेसुद्धा असे पाहतात, की तो बिचारा खिसे चाचपतो.

तर त्या दिवशी सकाळी तिवस्याहून माझ्या नणंदेचा, जमुनाबाईंचा फोन आला. बाई रडत होत्या.

“चंदा व, बॅग गेली! त्या हैदराबादेत गेली! आता मी कायी त्या इमानात बसत नाई. चंद्रभानले घेऊन ये.”

यांनी मागून ऐकलं आणि लगेच गॉगल लावला. मी स्कूटी काढली.

प्रकरण असं होतं. जमुनाबाईंची लेक आकांक्षा बंगलोरला असते. तिला नववा महिना लागला. डोहाळजेवणाला आईबापाने जायचं ठरलं, तेव्हा घरात महाभारत झालं. लेक आणि जावई मनोज म्हणत होते, नागपूरहून थेट बंगलोरच्या विमानात बसा, कुठे उतरणं नाही, चढणं नाही. पण आमचे नंदोई नत्थुजी म्हणजे हिशेबी माणूस. थांबणाऱ्या विमानाचं तिकीट स्वस्त आहे आणि हैदराबादला विमान बदलायचं असतं, हे कळल्यावर ते मुलाला म्हणाले, “नितेश, हेच काढ. कमी पैशात दोन इमानात बसाले भेटते, अन् लोक जास्त पैसे देऊन एकातच बसतेत. येडे हायेत का?”

नितेशने काढलं. नागपूरच्या विमानतळापर्यंत सोडायला आम्हीही गेलो होतो. बंगलोरला पोचल्यावर पट्ट्यावरून दोन बॅगा आल्या, तिसरी निळी बॅग आलीच नाही. नेमकी तीच! तिच्यात लेकीची हिरवी पैठणी, ओटीचं सामान आणि रव्याचे लाडू. कंपनीला विचारलं, तर कंपनी म्हणाली, तुमच्या दोनच बॅगा होत्या. शेवटी आकांक्षाला डोहाळजेवणाला सासूची जुनी साडी नेसावी लागली. सासू अकोल्याची. ती सगळ्या बायांसमोर म्हणाली, “अमरावतीकडच्यांचं असंच असते. मानसं येतेत, सामान येत नाई.”

हा घाव बाईंच्या वर्मी लागला होता. दोघं परत आले ते तुरीच्या काढणीसाठी. आणि काल रात्री डॉक्टरांनी सांगितलं, बाळंतपण लवकर होईल, आईला आत्ताच बोलवा. उद्याचं थेट विमान भरलेलं. हैदराबादला थांबणाऱ्यात एकच जागा शिल्लक. म्हणजे बाईंना एकटीने जायचं होतं.

“मी नाई जात,” बाई ओसरीवर बसून म्हणाल्या. “बॅगेले त नाव लिहेल होतं, तरी ते हरपली. माया कपाळावर काय लिहेल हाये? त्या हैदराबादेत मी बी हरपली त कोनं पाहाव? मले त्या पाट्याही वाचता येत नाईत.”

नत्थुजींनी मुलाकडे बोट केलं. “यानंच काढलं होतं ते तिकीट!”

नितेश बिचारा बापाकडे नुसता पाहत राहिला.

यांनी गॉगल उतरवला. “ताई, संध्याकाळच्या आत बॅगेचा चोर तुया पायापाशी आनून उभा करतो. मंग त जाशीन?”

“बॅग भेटली त जाईन,” बाई म्हणाल्या.

एवढ्यावर सगळं येऊन ठेपलं. मला धडकीच भरली, कारण यांनी आजवर शोधलेली एकमेव वस्तू म्हणजे स्वतःचा चष्मा, तोही मी सांगितल्यावर.

चौकशी सुरू झाली. पहिला हुकूम सुटला, “गुप्तता! घरची गोष्ट फाटकाच्या भाईर जानार नाई अन् भाईरचा मानूस आत येनार नाई.”

हुकूम सुटतोय तोच फाटकाशी शेजारचे बुधाजी उभे. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. “नत्थुजी हायेत का? एक काम होतं.”

“तपास चालू हाये,” हे म्हणाले. “मांगून या.”

बुधाजी गेले. यांनी बाईंसमोर खुर्ची ओढली. “ताई, बॅग घरातून कवा निंघाली?”

“बुधवारी.”

“अन् तुमी?”

“बिस्तरवारी.” म्हणजे गुरुवारी.

“ठीक,” म्हणून हे पुढच्या प्रश्नाकडे वळले. माझ्या मनात काहीतरी खटकलं, पण मी तोंड उघडायच्या आत यांनी हात वर केला. सहाय्यकाने मध्ये बोलायचं नसतं म्हणे.

“आता ऐका,” हे म्हणाले. “ट्रक इनाकारण ढाब्यावर थांबला, की आमी समजावं, माल उतरून राहिला. मंग इमान हैदराबादले कायले थांबते? चहा प्याले? नाई! माल उतरवाले! हे थांबनारे इमानं स्वस्त कावून असतेत? बॅगाइच्या कमाईवर चालतेत म्हणून!”

नत्थुजींना हे फार पटलं. स्वस्त तिकिटाचं कारण सापडलं म्हणून ते खूशच झाले.

“पन मामा,” नितेश म्हणाला, “सोबतच्या शंभर लोकाइच्या बॅगा त आल्या ना.”

“त्याइच्यात रव्याचे लाडू होते का?” हे गरजले. “नाई ना! म्हंजे चोर लाडू ओळखनारा हाये. म्हंजे मराठी मानूस हाये. म्हंजे ओळखीचा हाये!”

असे तीन ‘म्हंजे’ एका दमात घेतले, की हे स्वतःच्याच हुशारीने थक्क होतात. मग पाणी लागतं. मी आणून दिलं.

पाणी पिताना यांची नजर नत्थुजींच्या पोटावर स्थिरावली. “भाऊजी, हैदराबादले दोन इमानाइच्या मधात तुमी काय खाल्लं?”

“काहीच नाई. तिथं चहाचा भाव आयकूनच पोट भरलं.”

“अन् तरी वजन वाढलेलं दिसते!”

“तू मले लाडूचोर म्हणून राहिला का बे? तुया बहिनीच्या घरात बसून?” नत्थुजी उठलेच. मी मध्ये पडून त्यांना बसवलं. एवढ्यात फाटक पुन्हा वाजलं.

“नत्थुजी, ते तुमचं जरा...” बुधाजी म्हणाले.

“सांगतलं ना, मांगून या!” हे ओरडले. बुधाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. देवा, तेव्हाच त्यांना आत बोलावलं असतं तर पुढचा तमाशा टळला असता!

“सापडला,” हे एकदम हळू आवाजात म्हणाले. “बॅग गेल्यानं फायदा कोनाचा झाला? जो म्हनत होता थेट इमानानं जा, त्याचाच शब्द खरा झाला. म्हंजे मनोज! जावयानंच बॅग गायब केली, आपलं म्हननं वर कराले!”

“अहो, जावई आहेत ते,” मी म्हणाले. पण यांनी फोन लावूनही टाकला, तोही स्पीकरवर.

“मनोजराव, खरं सांगा, थेट इमानवाल्या कंपनीनं तुमाले काय कबूल केलं?”

पलीकडे चेन ओढल्याचा आवाज आला. मग मनोज म्हणाला, “मामा, मी हॉस्पिटलची बॅग भरून राहिलो.”

“कोनत्या रंगाची?”

फोन कट झाला. मिनिटभरात आकांक्षाचा आला. पोरीचा आवाज भरून आला होता. “आई, मरू दे व ते बॅग! मले साडी नाई पायजे, लाडू नाई पायजे. मले इथं रातभर झोप नाई येऊन राहिली. तू येऊन राहिली का नाई, एवढंच सांग.”

बाईंनी पदर तोंडाला लावला. “कशी येऊ माय? मले भेव लागते व,” एवढं बोलल्या आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेल्या.

मला असा संताप आला सांगू! “झालं समाधान?” मी यांना म्हणाले. “चोर सापडला नाही तो नाही, माय-लेकी दोघी रडून राहिल्या. तुमचा तो गॉगल आता घाला विहिरीत!”

यांनी गॉगल उचलून खिशात लपवला. तेवढ्यात फाटक आपटलं. बुधाजी विचारायला थांबलेच नाहीत, सरळ ओसरीवर चढले. हातात निळी बॅग.

“राग नका मानू नत्थुजी,” ते म्हणाले, “पन कालपासून सांगाले येऊन राहिलो, कोनी ऐकूनच घेत नाई. तुमचं प्रस्थान घेऊन जा बाप्पा. लाडवाले मुंग्या लागल्या. माया घरवालीच्या, शालूच्या पिठाच्या डब्यापर्यंत गेल्या.”

ओसरीवर सगळ्यांनी आधी बॅगेकडे पाहिलं, मग तिच्यावरच्या मुंग्यांच्या रांगेकडे.

बाई आतून धावत आल्या आणि बॅग पाहून कपाळावर हात मारून घेतला. “अगं माय! प्रस्थान!”

तर ते असं. गुरुवारी दक्षिणेकडे निघायचं नसतं आणि विमान नेमकं गुरुवारचं. म्हणून बाईंनी आदल्या दिवशी, बुधवारी, चांगली वेळ पाहून एक बॅग शेजारी नेऊन ठेवली. अशी बॅग दुसऱ्याच्या घरी ठेवली, की माणूस त्याच दिवशी निघाला असं धरतात. त्यालाच प्रस्थान म्हणतात. मग खरं निघताना ती बॅग उचलायची आणि तशीच पुढे न्यायची.

“मी नितेशले सांगतलं होतं, जाता जाता बुधाजीच्या घरून बॅग आन म्हणून!” बाई म्हणाल्या.

“मी गाडी काढत होतो, मी बाबाले सांगतलं!” नितेश म्हणाला.

“मी निंघालोच होतो,” नत्थुजी म्हणाले, “पन हा चंद्रभान डिक्कीपाशी उभा राहून ओरडला, तीनही नग आले, चला! मंग मी कायले जाऊ?”

सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे छाती काढून म्हणाले, “होतेच तीन! मी सोता मोजले. दोन काळे, एक निळा.”

“निळी बॅग तुमची होती,” मी म्हणाले. “खोटी दाढी, भिंग अन् पुऱ्या. मीच भरली होती. नागपूरला तुम्हीच उचलून घेतली.”

यांनी छाती हळूहळू आत घेतली.

“पन बुधाजी,” नत्थुजी म्हणाले, “आमी गेलो तवा तुमी हाक कावून नाई मारली?”

“मले काय मालूम तुमचा कायदा?” बुधाजी म्हणाले. “आमच्यात मुहूर्त-बिहूर्त पाहात नाईत. मले वाटलं, तुमी परत येईस्तोवर ते आमच्याच घरी ठेवाची असते. शालूनं रोज फडकं मारलं तिले. कोनाची ठेव हाये, तिले धक्का नाई लागला पायजे, एवढं आमाले कळते.”

बाई बॅगेजवळ खाली बसल्या. “म्हंजे हैदराबादेत कायीच हरपलं नाई?”

“ताई, हे बॅग तिवस्याच्या भाईरच नाई गेली,” बुधाजी म्हणाले.

बाई आधी हसल्या, मग पुन्हा डोळे पुसले, मग ताडकन उठल्या. “नितेश, काढ ते तिकीट. थांबनारं त थांबनारं. मले पोरीपाशी जायाचं हाये.”

“पन जमुना, उद्या अमावस्या हाये,” नत्थुजी हळूच म्हणाले. स्वतः काही मानत नाहीत म्हणे, पण विमानात बसायचं म्हटलं की सगळं मानतात.

बाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी निळी बॅग उचलली, चपला घातल्या आणि फाटकाकडे चालायला लागल्या.

“आई, कुठं चालली?”

“बुधाजीच्या घरी. आता मीच प्रस्थान. उद्या मले तिथूनच उचला. बॅग विसरली त चालून गेलं, मायले विसरले त तिवस्यात तोंड दाखवाची सोय राहनार नाई तुमची!”

शालूताईंनी बॅग उन्हात रिकामी केली, मुंग्या झटकल्या, माझ्याबरोबर बसून नवे लाडू वळले. सकाळी आम्ही गाडी घेऊन दारात गेलो, तर बुधाजी इस्त्रीचा शर्ट घालून उभे. एका हाताने बॅग डिक्कीत ठेवली, दुसऱ्या हाताने गाडीचं दार उघडून बाईंना बसवलं, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावरून हलले नाहीत. या खेपेला विषाची परीक्षा नको होती त्यांना.

यांनी मात्र नागपूरपर्यंत तोंड बंद ठेवलं नाही. “मी पहिल्यापासून काय म्हनत होतो? बॅग थांब्यावर अडकली! फक्त थांब्याचं नाव चुकलं.” नितेशने गाडीतल्या रेडिओचा आवाज वाढवला.

दुपारी हैदराबादहून बाईंचा फोन आला. आवाज असा, जणू विमानतळ त्यांच्याच शेतात बांधलाय. “चंदा, कायी नाई व इथं! एका पोरीले विचारलं, तिनं हात धरून दुसऱ्या इमानाच्या दारात नेऊन सोडलं. पाय मोकळे झाले. ते थेट जानारे बिचारे बसून बसून आखडत असतीन.”

संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. मी उचलला, हे कान लावून जवळ आले. बाई कुजबुजत होत्या.

“पोचली व. पोरगी दारातच उभी होती, एवढं पोट घेऊन. विहीन म्हने, आना, पाहू तरी कशी हाये तुमची बॅग. पोरगी कायी बोललीच नाई, माया गळ्यात पडली अन् अजून सोडून नाई राहिली. इथंच मांडीवर डोकं ठेवून झोपली, किती दिवसाची जागी होती कोन जाने. मले हलता येत नाई. बॅग पडली हाये तशीच विहिनीच्या सोफ्यावर, अन् चंदा...”

“काय बाई?”

“तिच्यातून मुंग्या निंघून राहिल्या. सोफाभर झाल्या.”

“मग सांगा ना विहीणबाईंना!”

“सांगीन,” बाई म्हणाल्या. “पोरगी उठली की सांगीन.”