आठशे मिलिलिटरचा अर्ज

इंडोनेशियातल्या सोलो शहराच्या दक्षिणेला वुनुत लोर नावाची वस्ती आहे. तिथे एका मंगळवारी सकाळी इबू वारसिनी, म्हणजे वारसिनीबाई, या सदुसष्ट वर्षांच्या विधवा बाईंनी आपल्या घराच्या ओसरीवर, कोणाचीही परवानगी न घेता, आठशे मिलिलिटर धोकादायक कचरा निर्माण केला.

निर्मितीची पद्धत जुनीच होती. मोटरसायकल पाच मिनिटं चालू ठेवायची, म्हणजे आतलं ऑइल पातळ होतं. मग पान्याने खालचा बोल्ट सोडायचा, कड फुटलेली परात सरकवायची आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत शेजारी बसून शेंगा सोलायच्या. तांब्याचा वॉशर टाकून द्यायचा नाही. चुलीवर लाल करून पाण्यात बुडवला की पुन्हा नव्यासारखा मऊ होतो. हे सगळं नवऱ्याने शिकवलेलं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. वॉशर अजून तोच होता.

या मोटरसायकलवर इबू वारसिनींचं पोट होतं. हळद-चिंचेचा, आल्याचा, तांदळाचा जामू, म्हणजे औषधी काढा, उकळून बाटल्या भरायच्या, मागच्या दोन टोपल्यांत लावायच्या आणि नऊ गल्ल्यांतल्या लोकांना दारोदार पेला पेला पाजायचा. त्यांची आई हाच जामू पाठीवरच्या टोपलीतून पायी विकायची. लग्नाआधी इबू वारसिनीही पायीच फिरल्या होत्या, पण तेव्हा गुडघे त्यांच्या बाजूने होते.

जुन्या ऑइलचा त्या काळी प्रश्नच नव्हता. लाकडाच्या वखारीतला माणूस डबा घेऊन दारात यायचा, करवतीला लावायला न्यायचा. तो नाही आला तर शेजारचे बापाक पोनिजान, म्हणजे पोनिजानकाका, शेळ्यांच्या गोठ्यातल्या बांबूंना फासायचे, वाळवी लागू नये म्हणून. पुढे वखार गेली, शेळ्याही गेल्या. आता गल्लीत चाळीस घरं आणि त्र्याहत्तर मोटरसायकली होत्या. त्या सगळ्यांचं जुनं ऑइल कुठे जातं, हे फक्त मागच्या गटाराला माहीत होतं.

अशात वस्तीच्या कचेरीवर फलक लागला: ‘ऑइलमुक्त वुनुत लोर! आपली विहीर वाचवा, जुने ऑइल कचेरीत जमा करा.’ लोकांनी फलकासमोर उभं राहून फोटो काढले. इबू वारसिनींची विहीर गटारापासून सात पावलांवर होती, म्हणून त्यांनी तो फलक खरा मानला.

“बाळा, ही बाटली कुठे ठेवू?” त्यांनी कचेरीतल्या वास्किथो नावाच्या कारकुनाला विचारलं.

वास्किथो दचकला. फलक लागून चार महिने झाले होते आणि बाटली घेऊन आलेली ही पहिलीच व्यक्ती होती. त्याने लगबगीने खुर्ची दिली, गोड चहा मागवला आणि अशा वेळी काय करायचं असतं ते बघायला कपाट उघडलं.

“इबू, गल्लीप्रमुखांचं पत्र लागेल. ऑइल तुमचंच आहे असं.”

“माझं नाही तर कोणाचं? मी काय शेजाऱ्याचं चोरून आणलंय?”

“चोरलेलं असेल तर पोलिसांचं पत्र लागतं,” वास्किथो अदबीने म्हणाला. “स्वतःचं असेल तर गल्लीप्रमुखांचं.”

गल्लीप्रमुख बापाक त्रिहार्जो हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पत्राचा छापील नमुना दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

“तुमच्यावर माझा अविश्वास नाही, इबू. पण इथे ‘माझ्यासमक्ष निघाले’ असं छापलंय. माझ्यासमक्ष कुठे निघालं?”

“मग आता काय करू?”

“आत घाला. उद्या सात वाजता मी येतो, मग काढा.”

इबू वारसिनींनी गाडीत घातलेलं नवं ऑइल स्वच्छ डब्यात काढून ठेवलं, जुनं काळं ऑइल इंजिनात ओतलं, आणि बुधवारी सात वाजता बापाक त्रिहार्जो व दोन साक्षीदार यांच्यासमक्ष ते पुन्हा काढलं. साक्षीदारांना तळलेली केळी द्यावी लागली. पत्राच्या तीन प्रती झाल्या, ओळखपत्राच्या चार, आणि प्रत्येकीवर शिक्का बसला.

वास्किथोने बाटली मापात ओतली आणि त्याचा चेहरा पडला.

“सातशे साठच भरतंय, इबू. अर्जात आठशे आहे. चाळीस मिलिलिटर कुठे गेलं?”

“परातीला चिकटलं असेल. थोडं माझ्या हाताला लागलं, थोडं बापाक त्रिहार्जोंच्या बाहीवर उडालं.”

“म्हणजे गळती झाली.” वास्किथोने खेदाने नोंद केली. “बाही जोडावी लागेल.”

बापाक त्रिहार्जोंचा बाटिकचा शर्ट परिशिष्ट ‘क’ म्हणून जोडण्यात आला. मुख्याध्यापक बनियनवर घरी गेले, पण नियमाबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

एवढं होऊनही एक रकाना उरला: ‘उत्पादकाचा प्रकार’. घरात राहणारी बाई उत्पादक होऊ शकत नव्हती. नियमाप्रमाणे ऑइल फक्त वर्कशॉपमधून निघत होतं. चाळीस घरांतून ते निघतच नव्हतं. वास्किथो मनाने चांगला होता. म्हातारीची पायपीट वाचावी म्हणून त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘वारसिनी मोटर वर्कशॉप’.

शुक्रवारी वर्कशॉपची तपासणी झाली. आग विझवायचं नळकांडं आढळलं नाही. कर्मचारी आढळला नाही. उलट दुरुस्तीसाठी आलेल्या एका वाहनावर खाण्यापिण्याचे पदार्थ लादलेले आढळले. पथकाने ते पदार्थ दोन-दोन पेले पिऊन तपासले, आल्याचा विशेष आवडला असं सांगितलं, आणि मोटरसायकलला पिवळी पट्टी गुंडाळून सील ठोकलं.

शनिवारी इबू वारसिनींनी माळ्यावरून आईची टोपली काढली आणि पाठीला बांधली. पहिल्या गल्लीत लोक कौतुकाने म्हणाले, “वा, अगदी जुना काळ आठवला!” तिसऱ्या गल्लीत गुडघ्यांनी नकार दिला. उरलेल्या सहा गल्ल्यांनी त्या दिवशी दुकानातली जामूची पुडी गरम पाण्यात ढवळून प्यायली, आणि दुसऱ्या दिवशीही. गिऱ्हाईक तुटायला आठवडा पुरतो, हे इबू वारसिनींना आईच्या वेळेपासून माहीत होतं.

रविवारी गल्ली त्यांच्या ओसरीवर जमली. ऑइलमुक्त वस्तीच्या स्पर्धेचे परीक्षक बुधवारी येणार होते आणि नोंदवहीत साऱ्या वस्तीच्या नावावर एकच बाटली होती.

“इबू, तुमच्या एकटीमुळे नाक कापलं जाणार आमचं,” बापाक पोनिजान म्हणाले. “त्र्याहत्तर गाड्यांत एक तुमचीच गाडी घाण करते.”

“आणि तुमची काय दूध देते? परवाच गटारात ओतलंत की! माझ्या पोहऱ्याला वास येतोय.”

“नोंद दाखवा!”

“वासाची नोंद कुठून आणू?”

“नाहीये ना? मग झालं तर.”

बापाक त्रिहार्जोंनी दोघांना शांत केलं आणि हळूच विचारलं, “माझा शर्ट परत मिळण्याचं काही कळलं का हो?”

तोडगा अखेर वास्किथोनेच काढला. सोमवारी त्याने एक टंकलेला कागद इबू वारसिनींपुढे सरकवला: ‘सदर मोटरसायकलमधून ऑइल कधीही निघालेले नाही व यापुढे निघणार नाही.’ ऑइल निघालं नाही म्हणजे वर्कशॉप नाही; वर्कशॉप नाही म्हणजे सील नाही.

“आणि ही बाटली?”

“कोणती बाटली?” टेबलावरच्या बाटलीकडे बघत वास्किथो हळुवारपणे म्हणाला.

“अरे, तूच मापलीस ना!”

“इबू, माझी आजीही जामू विकायची. सही करा. उद्यापासून गाडी घेऊन जा.”

इबू वारसिनींनी आधी विहिरीचा विचार केला, मग सहा गल्ल्यांचा. खोटं बोलायला त्यांना नवऱ्याने शिकवलं नव्हतं. ते कचेरीने सहा दिवसांत शिकवलं. त्यांनी सही केली, टोपलीत बाटली ठेवली आणि लंगडत घरी आल्या.

बुधवारी वुनुत लोरला पहिला क्रमांक मिळाला. वस्तीचे प्रमुख भाषणात म्हणाले की एकट्या या गल्लीत त्र्याहत्तर मोटरसायकली आणि शून्य ऑइल, हे यश नागरिकांच्या प्रामाणिकपणाचं आहे. एका आठवड्यात आपलं उत्पादन शंभर टक्के घटवल्याबद्दल इबू वारसिनींचा खास सत्कार झाला. त्यांना नव्या ऑइलचे बारा सीलबंद डबे देण्यात आले. टाळ्या सर्वांत जोरात बापाक पोनिजान यांनी वाजवल्या.

दोन महिन्यांनी बक्षिसातला पहिला डबा उघडायची वेळ आली, म्हणजे अर्थातच गाडीतलं जुनं ऑइल काढायची. ते त्यांनी काढलं. काढून त्याचं काय केलं, ते गटारात ओतलं की नाही, हे कळावं म्हणूनच तुम्ही इथवर थांबला असाल. थांबलात ते बरं केलंत. माहिती देण्यास आमची हरकत नाही. मात्र विचारणाऱ्याने आधी स्वतःचं नाव, गाडीचा क्रमांक, ऑइल शेवटचं कधी बदललं आणि त्यातून निघालेलं कुठे गेलं, एवढं स्वच्छ अक्षरात लिहून द्यावं. ‘मेकॅनिकला माहीत’ हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही.