घायकुतीचा सत्कार

मंच उघडून महिना होत आला, तरी तिथे चिटपाखरूही फिरकलं नव्हतं.

कंपनी सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवायची. बँका, इस्पितळं, कारखाने यांच्या गारठलेल्या खोल्यांमध्ये जी यंत्रं रात्रंदिवस घरघरत असतात, ती चालती ठेवणारं. ती सांभाळणाऱ्या माणसांनी इंटरनेटवर एका जागी जमावं, अडचणी मांडाव्यात, एकमेकांना उत्तरं द्यावीत, म्हणजे मदत विभागाचे फोन कमी वाजतील, अशी साहेबांची कल्पना. त्यासाठी हा मंच उघडला आणि तो सांभाळायला एक व्यवस्थापक नेमला. तात्पुरता. ऑफिसात आता त्याला सगळे दाजी म्हणतात. का म्हणतात ते पुढे येईलच, पण आपणही दाजीच म्हणू. त्याला आता सवय झाली आहे.

"वार्षिक मेळाव्यापर्यंत मंच गजबजला तर तुम्ही कायम," साहेबांनी स्वच्छ सांगितलं. "नाही तर मंच बंद. आणि मंच बंद म्हणजे..."

"कळलं, साहेब."

अडचण अशी, की सर्व्हर सांभाळणारी माणसं मुळातच अबोल. सगळं सुरळीत असतं तोवर त्यांना बोलायला विषय नसतो, आणि बंद पडलं की वेळ नसतो. शेवटी दाजीने स्वतःच एक खोटा सभासद जन्माला घातला. नाव ठेवलं 'घायकुती'. घायकुतीने लिहिलं, "नमस्कार. बॅकअप कसा घ्यावा, कृपया मार्गदर्शन करावे." दाजीने लिहिलं, "उत्तम प्रश्न!" आणि मार्गदर्शन केलं. घायकुतीने आभार मानले. हा शिष्टाचार बरेच दिवस चालला. वाचणारे दोघंच होते, आणि ते दोघंही दाजीच होता.

घरी सोफ्यावर बायकोचा धाकटा भाऊ असायचा. नोकरी सुटल्यापासून तो तिथेच होता. हाताला काम नसल्यामुळे तक्रारींना त्याला भरपूर वेळ मिळे. त्या संध्याकाळी तो फोनवरून पंख्याच्या कंपनीला धारेवर धरून बसला होता.

"अहो मॅडम, पंखा फिरतो. नाही म्हणत नाही. पण वारा कुठाय? मी काय तो फिरताना बघायला घेतलाय का?"

"तुमच्या ऑफिसात याच्यासाठी शब्द टाका ना कुठेतरी," बायको दाजीला म्हणाली. हे ती रोजच म्हणायची. दाजी मेहुण्याचं बोलणं मोबाइलवर टिपून घेत होता.

दुसऱ्या दिवशी घायकुतीने लिहिलं, "बॅकअप घेतला जातो. नाही म्हणत नाही. पण परत कुठे मिळतो? मी काय तो घेताना बघायला हे सॉफ्टवेअर घेतलंय का?"

दुपारपर्यंत मंचावर झुंबड उडाली. "अगदी मनातलं बोललात!" असं एका बँकेतून आलं. कारखान्यातल्या एकाने सेटिंग कुठे चुकतं ते समजावून दिलं, इस्पितळातल्या बाईंनी त्यातली चूक काढली, आणि दोघांची अशी जुंपली की त्यातून खरं उत्तर निघालं. मदत विभागाचे फोन खरोखरच कमी वाजू लागले.

मग दाजीचा दिनक्रमच ठरून गेला. संध्याकाळी मेहुण्याचं ऐकायचं, सकाळी घायकुती होऊन आग पाखडायची, आणि दुपारी व्यवस्थापक होऊन माफी मागायची. "या मंचाचे व्यवस्थापक झोपा काढतात काय?" असं घायकुतीने विचारलं, तेव्हा त्याला आजवरची सर्वांत जास्त पसंती मिळाली. दाजीने दिलगिरी व्यक्त केली.

मध्येच तो तापाने आडवा झाला. बरा होऊन बघतो तर मंचावर एकच घोर: घायकुती कुठे आहेत? तब्येत बरी आहे ना? व्यवस्थापकही तितकेच दिवस गायब होता, हे कुणाच्या गावीही नव्हतं. दाजीला याचं खरंच वाईट वाटलं.

तेवढ्यात साहेबांनी बोलावलं.

"मेळाव्यात घायकुतींचा सत्कार करायचा. घेऊन या त्यांना."

"ते फार बुजरे आहेत, साहेब."

"बुजरे? परवा त्यांनी मला 'एसीत गारठलेला मेंदू' म्हटलंय! लोक निव्वळ त्यांना बघायला येतायत. ते आले नाहीत, तर तुम्हीही येऊ नका. नंतरसुद्धा."

दाजीने घरी येऊन सोफ्यासमोर खुर्ची ओढली.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, दाजी," मेहुणा म्हणाला.

"कळायला नकोच. कुणी काहीही विचारलं तर 'तेच तर म्हणतोय' एवढंच म्हण. बाकी तोंडाला कुलूप."

"जेवण आहे?"

"आहे."

मेळाव्यात मेहुण्याभोवती गराडा पडला. "नव्या आवृत्तीत लॉग भरून डिस्क जाम होते हो!" बँकवाला म्हणाला. "तेच तर म्हणतोय," मेहुणा म्हणाला. "पण जुन्या आवृत्तीवर परत जाणं हाही उपाय नाही," इस्पितळातल्या बाई म्हणाल्या. "तेच तर म्हणतोय." दोघांनाही तो आपल्याच बाजूचा वाटला. दाजीच्या जिवात जीव आला.

मग साहेबांनी गुच्छ दिला आणि सहज म्हणून माइकही हातात दिला. तिथे कुलूप निघालं.

"तुम्हाला फोन केला की आधी गाणं ऐकवता," मेहुण्याने सुरुवात केली. "मग विचारता, बंद करून चालू केलंत का? अहो, तेवढ्याने भागलं असतं तर मी तुमचं गाणं ऐकलं असतं का?"

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. मेहुणा पंख्यावरून गादीवर आणि गादीवरून गिझरवर गेला. श्रोत्यांना वाटलं, उदाहरणं देतायत. बोलून बोलून घसा सुकला तसा तो व्यासपीठाच्या कडेला वळला आणि घरच्यासारखा म्हणाला, "दाजी, जरा पाणी द्या."

सभागृहातल्या सगळ्या माना दाजीकडे वळल्या. तरी पाणी त्याने दिलं, सवयच होती.

साहेबांनी माइक परत घेतला. "ऐकलंत? दाजी! आपला सर्वांत कडक टीकाकार आपल्या व्यवस्थापकाला दाजी म्हणतो. समुदाय म्हणतात तो हाच!" आणि त्या भरात त्यांनी तिथल्या तिथे दोन घोषणा केल्या. दाजी आजपासून कायम. आणि घायकुती आजपासून कंपनीत, ग्राहक समुदायाचे प्रमुख. दाजीने त्यांच्या हाताखाली काम करावं.

घरी बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. "टाकलात ना शब्द शेवटी! बोलला नाहीत कधी!" इतक्या कौतुकाने तिने दाजीकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. खरं सांगायची हीच वेळ होती, आणि ती त्याने जेवता जेवता जाऊ दिली.

सोमवारी नव्या प्रमुखांनी दाजीला केबिनमध्ये बोलावलं. पुढ्यात मंचावरच्या जुन्या तक्रारींची चळत होती. वाचायची म्हणून मेहुण्याने ती खरोखर वाचली होती.

"दाजी, हे गंभीर आहे. व्यवस्थापक झोपा काढतात, असं इथे लिहिलंय. लेखी खुलासा हवा."

"अरे, ते मीच लिहिलंय!"

"मग तर जास्तच गंभीर. म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

दाजी जागेवर आला. त्याने मंचावर सविस्तर, नम्र खुलासा टाकला. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने इकडेतिकडे पाहत आपलं दुसरं, घायकुतीचं खातं उघडलं आणि खाली लिहिलं, "खुलासा दिला. नाही म्हणत नाही. पण सुधारणा कुठाय?"

पहिली पसंती प्रमुखांची होती.