मान्यवरांचे सोफे

हॉलच्या मागच्या भिंतीला बायका चिकटून उभ्या होत्या आणि पुढचे मऊ सोफे रिकामे होते. याकोब साळवेला हे बघवेना. लग्न व्यंकटरावांच्या मुलीचं, मंगल कार्यालय दिनकररावांचं, आणि याकोब तिथे स्वागत व्यवस्थापक म्हणून चाचणीवर. आजचं लग्न सुरळीत पार पडलं तर नोकरी कायम, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असं दिनकररावांनी सकाळीच बजावलं होतं.

"दारात उभं ऱ्हायचं, नमस्कार करायचा, लोकाला बसवायचं. बस, एवढंच. तुमाला सवय हाय म्हणे."

सवय होती. याकोबने उमेदीची सगळी वर्षं परभणीच्या नवांकुर बॅप्टिस्ट सेवासंघाच्या दारात काढली होती. शाळा, वसतिगृह, दवाखाना असा मोठा पसारा, आणि रविवारच्या भक्तीला सभागृह तुडुंब. तिथे त्याचा एकच नियम असे. जो आधी आला तो पुढे, मग तो डॉक्टर असो की कापूस वेचणारी बाई. लोक संकोचाने मागे रेंगाळत. याकोब हसून त्यांच्या कोपराला हात लावी, आणि काही कळायच्या आत माणूस पहिल्या बाकावर बसलेला असे.

मग नवे संचालक आले. त्यांनी पुढच्या बाकांना लाल रिबिनी बांधल्या आणि ते बाक देणगीदारांसाठी राखून ठेवले. एका रविवारी काठी टेकत आलेल्या म्हातारीला मागे पाठवायची वेळ आली, तेव्हा याकोबने रिबीन कापून तिला पुढे बसवलं. सेवासंघात कुणाला काढून टाकत नसत. 'तुमच्यासाठी देवाची वेगळी योजना दिसते,' एवढंच म्हणत आणि संध्याकाळपर्यंत चाव्या जमा करून घेत.

अशी वेगळ्या योजनेतली माणसं आता जिल्हाभर विखुरली होती. भक्तिगीतांना कीबोर्ड वाजवणारा जिंतूरच्या बँडमध्ये वरातींपुढे वाजवत होता. वसतिगृहाच्या वॉर्डनने पोल्ट्री टाकली होती आणि पोरांपेक्षा कोंबड्या बऱ्या, सांगितलं की झोपतात, असं तो भेटेल त्याला सांगे. पाहुण्यांच्या प्रवचनांचं भाषांतर करणारे सर विमा विकत होते. सार्वकालिक जीवनाबद्दल बोलण्यात हयात गेल्यामुळे 'तुम्ही गेल्यावर' हे शब्द त्यांच्या तोंडून निघत नसत आणि पॉलिसी खपत नसे. याकोबला त्यातल्या त्यात बरं काम मिळालं होतं. पण आज सकाळी हॉलमध्ये पाय ठेवला आणि त्याचं डोकं फिरलं. पुढच्या सोफ्यांना लाल रिबिनी बांधल्या होत्या.

"हे कुणासाठी?" त्याने दिनकररावांना विचारलं होतं.

"मान्यवरांसाठी."

"कुठायत ते?"

"यायलेत."

आता लग्नाची वेळ टळत आली, तरी मान्यवर यायलेतच होते. तेवढ्यात व्हिडिओवाला ओरडला, "ओ मालक, पुढं सगळं खाली दिसायलंय! स्क्रीनवर लय बेकार दिसतंय!"

दिनकरराव भटारखान्यात जिलबीवरून आचाऱ्याशी भांडत होते. त्यांनी मान वळवून फर्मावलं, "याकोबराव, भरा की मग खुर्च्या! तेबी मीच सांगू का?"

याकोबला एवढं पुरेसं होतं. त्याने एकेक रिबीन सोडून खिशात टाकली आणि थेट मागची भिंत गाठली. तिथे ताडकळसच्या बायनाबाई आपल्या सोबतिणींसह उभ्या होत्या. व्यंकटरावांच्या शेतात राबणाऱ्या या बायका.

"मावशी, चला, पुढं बसा."

"नगं बाबा. तितं मोठी मानसं बसतेत."

"तुमी कधी आलाव?"

"काल सांजच्यालाच. हळदीची भांडी आमीच घासली की."

"मग तुमच्या आधी कोण आलंय का?"

बायनाबाईंनी विचार केला. "नवरीबी आमच्या मागून आली."

"झालं तर मग," याकोब म्हणाला आणि त्याने त्यांच्या कोपराला हात लावला. बघता बघता सगळ्या बायका सोफ्यांवर होत्या. बायनाबाई एवढ्या खोल रुतल्या की त्यांचे पाय जमिनीला पुरेनात. "अगं बया, हे तर गिळायलंय मला!" त्या म्हणाल्या, आणि सगळी रांग पदर तोंडाला लावून हसली. व्हिडिओवाल्याने अंगठा दाखवला. हॉल भरलेला दिसत होता.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते भागवतमुळे. भागवत हा व्यंकटरावांचा पुण्यात नोकरी करणारा भाचा. त्याला इथलं कुणी ठाऊक नव्हतं, पण सत्काराची जबाबदारी त्याच्याकडे होती. "सोफ्यावर बसलेल्या समद्यांला फेटा, शाल, नारळ. कुणी सुटलं तर रुसवे होतील," असं मामांनी सांगितलं होतं आणि मामा स्वतः पुढारी माणिकदादांची वाट बघत फाटकात जाऊन उभे राहिले होते.

भागवतने माइक घेतला. "आता आपण समोर विराजमान झालेल्या मान्यवरांचा यथोचित सत्कार करूया!"

त्याने बायनाबाईंपासून सुरुवात केली. फेटा बांधणारा क्षणभर घुटमळला, पण भागवतने डोळे वटारले तसा त्याने पदरावरूनच झकास कोल्हापुरी फेटा चढवला. शाल आली, नारळ आला. "आपला परिचय?" भागवतने माइक पुढे केला.

"म्या बायनाबाई. ताडकळस. खुरपायला असते," माइकमधून हॉलभर घुमलं, आणि मागच्या गर्दीने जोरदार टाळी दिली. भागवतला वाटलं, बाई फार लोकप्रिय दिसतात. तो पुढच्या सोफ्याकडे वळला.

नेमक्या त्याच वेळी माणिकदादा आले. ताडकळसपासून गंगाखेडपर्यंत एक चौक असा नव्हता जिथे त्यांचं बॅनर नाही. फाटकात बँडने रस्ता अडवलेला बघून ते गाडीतून उतरले आणि भटारखान्याच्या दाराने एकटेच आत शिरले. फाटकात व्यंकटराव हार घेऊन उभेच राहिले. दादांसमोर आला याकोब. बॅनरवरचा फोटो आणि दादा यांच्यात तीन निवडणुकांचं अंतर होतं, त्यामुळे याकोबला दिसला तो एक उशिरा आलेला, घामाघूम, बावरलेला पाहुणा.

"या, या!" त्याने दोन्ही हातांनी दादांचा हात धरला. "पहिल्यांदाच येताय का?"

"काय?"

"लाजू नका. नवीन माणसाला आमी जास्त जपतो. नाव काय म्हणालाव?"

दादांचं तोंड उघडंच राहिलं. कित्येक वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "माणिकराव," ते पुटपुटले.

"गाव?"

"अरे, तू मला वळखत न्हाईस?"

"आता झाली की वळख. बसा निवांत." याकोबने त्यांना भटारखान्याजवळ वाढप्यांसाठी ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, पाण्याचा ग्लास दिला आणि आसपासच्या वाढप्यांना सांगितलं, "हे माणिकराव. नवीन हायेत. टाळ्या वाजवा जरा."

वाढप्यांनी दादांना केव्हाच ओळखलं होतं. त्यांनी हातातली पातेली खाली ठेवली. टाळ्या वाजवाव्यात की पळावं हे न कळून त्यांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी पुढे पाहिलं. सोफ्यांवर फेटे बांधलेल्या बायकांची रांग होती आणि भागवत शेवटची शाल कुणाच्या तरी सासूबाईंच्या खांद्यावर घालत होता.

तेवढ्यात व्यंकटराव धावत आले. त्यांनी सोफ्यांकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं आणि हातातला हार स्वतःच्याच मनगटाला गुंडाळला. "दिनकरराव! ही काय बेइज्जती लावलीय माझी? खुरपणाऱ्या बायकाला फेटे, आन् दादा भटारखान्यात?"

दिनकरराव जिलबी सोडून आले. "याकोबराव, हे काय केलं तुमी?"

"तुमीच म्हणालाव, खुर्च्या भरा."

"अहो, प्लास्टिकच्या म्हणलं मी!"

"प्लास्टिकच्या भरलेल्याच होत्या," याकोब म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला. "रात्रभर भांडी घासून बाया उभ्या, आन् न आलेल्या मानसासाठी सोफे? ही कोणती रीत हाय?"

"उद्यापासून येऊ नका!"

"येतच न्हाई!"

"त्या शाली काढून घ्या आधी," व्यंकटराव ओरडले. भागवत बायनाबाईंकडे गेला आणि चाचरत काहीतरी बोलला. बायनाबाईंनी शाल गळ्याभोवती घट्ट आवळली. "दिली ती दिली. माइकात नाव घिऊन दिलीय. काढून दाव!" सगळी रांग नारळ हातात धरून उभी राहिली. नारळ फेकून मारायचा झाला तर कसा धरतात, तसा धरून.

हॉलमध्ये कुजबुज वाढली, मोबाइल वर झाले. माणिकदादा इतका वेळ हे सगळं बघत होते. ते उगीच एवढी वर्षं राजकारणात टिकले नव्हते. ते उठले, शांतपणे पुढे गेले आणि भागवतच्या हातून माइक घेतला.

"बंधू-भगिनींनो! व्यंकटरावांला मी कालच सांगितलं व्हतं, उद्या आपला सत्कार नको. सत्कार करायचा तर कष्टकरी मायमाउल्यांचा करा. मी आपला मागं, साध्या खुर्चीत बसतो. त्यांनी माझा शब्द राखला!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. व्यंकटरावांनी मनगटाचा हार सोडवला, मग तेही मान डोलावत टाळ्या वाजवू लागले. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. संध्याकाळपर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीत पाणी पिणाऱ्या दादांचा व्हिडिओ जिल्हाभर फिरला, आणि अंधार पडायच्या आत दिनकररावांचा याकोबला फोन आला. नोकरी कायम. आणखी चार लग्नघरांनी 'तसलंच लग्न' मागितलं होतं.

"मग फुगून कामून बसलाव?" रूथने विचारलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि नवऱ्याचा पारा हात न लावता मोजू शकत असे. "नोकरी ऱ्हायली न्हवं?"

"ऱ्हायली. पण त्यो दादा म्हणतो, मी कालच सांगितलं व्हतं! काल त्याला माझं नावसुद्धा ठाऊक न्हवतं!"

"तुमाला तरी त्याचं कुठं ठाऊक व्हतं?"

हे ऐकून याकोब आणखीच चिडला.

पुढच्या लग्नाच्या दिवशी तो हॉलमध्ये शिरला तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिनकररावांनी धंदा ओळखला होता. पुढच्या सोफ्यांना रिबिनी होत्या, 'कष्टकरी माउलींसाठी राखीव'. या माउली दिनकररावांनी जीप पाठवून मागवल्या होत्या आणि त्यांच्या लुगड्यांचा रंग व्हिडिओवाल्याने ठरवून दिला होता. भटारखान्याजवळच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांनाही रिबिनी होत्या. त्या पुढाऱ्यांसाठी. आता प्रत्येकाला साधं दिसायचं होतं. बिनरिबिनीची जागा फक्त मधली उरली होती आणि तिथे कूलरची हवा पोचत नव्हती.

"हे न्हाई चालायचं, दिनकरराव."

"तुमचीच तर कल्पना!"

"माझी?" याकोब ओरडला.

तो दारात जाऊन उभा राहिला. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी आले ते माणिकदादाच. चांगली खुर्ची हातची जाऊ नये म्हणून रात्रीच्या बैठकीवरून घरी न जाता ते सरळ आले होते. आत शिरताच ते मागच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे वळले.

याकोबने वाट अडवली. "दादा, पुढं."

"न्हाई न्हाई. मी आपला सामान्य माणूस. मागंच बरा."

"आज समद्याच्या आधी आलाव तुमी. आधी येतो त्यो पुढं बसतो."

"अरे, फोटोवाला तिकडं—"

याकोबने कोपराला हात लावला. त्या हातातून आजवर कुणी सुटलं नव्हतं. त्याने पुढच्या रांगेतल्या मधल्या सोफ्याची रिबीन सोडली आणि दादांना त्यात बसवलं. सोफा मऊ होता, कूलर समोरच होता आणि दादांचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. ते काहीतरी बोलायला गेले, जांभई आली आणि ते आडवे झाले.

दिनकरराव आले तेव्हा दादा घोरत होते. जीपमधून उतरलेल्या माउली एकसारख्या लुगड्यांत दारात खोळंबल्या होत्या आणि व्हिडिओवाला कपाळावर हात मारत होता.

"याकोबराव! तुमी आत्ताच्या आत्ता निघा! कायमचे!"

"निघालो," याकोब म्हणाला आणि खरंच निघाला.

दिनकररावांनी वरबापाला सांगितलं, दादांना जरा उठवा. वरबाप म्हणाला, मला गावात राहायचंय. आचाऱ्याने भटारखान्याचं दार आतून लावून घेतलं. दादांचा ड्रायव्हर म्हणाला, मागच्या वेळी ज्याने उठवलं तो आता ड्रायव्हर नाही. घोरणं वाढत चाललं होतं, वरात कोपऱ्यावर आली होती, आणि दादांना उठा म्हणायची छाती असलेला एकच माणूस बाहेर स्कूटरला किक मारत होता.

दिनकरराव धापा टाकत फाटकात आले. "याकोबराव! थांबा! दादाला उठवा फक्त. झालं गेलं सोडा."

याकोबने स्कूटर बंद केली, पण तो उतरला नाही.

"आधी रिबिनी सोडा."

"सोडायला लावतो."

"लावायचं न्हाई. तुमी सोडा. समद्या. पुढच्याबी आन् मागच्याबी."

वरातीचा बँड वळणावरून दिसू लागला. दिनकरराव आत पळाले, पहिल्या सोफ्यापुढे गुडघ्यावर बसले आणि गाठीत नख घालू लागले. गाठी त्यांनी स्वतःच मारल्या होत्या, चांगल्या पक्क्या. शेवटी त्यांनी दात लावले.