डबाभर समुद्रतळ

याकूब मिस्त्री आमच्या अंगणात कधी सरळ आला नाही. आधी टाच रुतवायचा, खळग्यात बोट घालून खोली मोजायचा, मग "अर्धं बोट. सोसते," म्हणून पाऊल टाकायचा. मी बोरी अरबच्या शाळेतला मास्तर, तो माझा शेजारी. रोज हे पाहून डोकं उठायचं.

जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता तेव्हाची गोष्ट. मिस्त्री बांधबंदिस्तीच्या कामावर साखळीचा ट्रॅक्टर, म्हणजे चाकांऐवजी रुंद लोखंडी पट्ट्यांवर चालणारा, चालवी. काळ्या मातीत बैलगाडीची चाकं अर्धी रुतत, पण त्याचं ते धूड डुलत निघून जाई. "वजन नाही बुडवत गुरुजी," तो म्हणे, "वजनाले पाय पुरत नाही, म्हनून बुडते." एका पावसाळ्यात त्यानं माझ्या वजनदार सासूबाईंच्या पायांना फळ्या बांधून त्यांना चिखलातून पार नेलं. नेलं ते नेलं, वर त्यांचे ठसे मोजत बसला. सासूबाई वर्षभर फिरकल्या नाहीत. ते उपकार मी विसरलो नाही.

सुटीच्या दिवशी तो तळ्यात छातीभर पाण्यात उभा असे. दगड लादलेला लाकडी खेळण्यातला ट्रॅक्टर दोरीनं तळाशी सोडायचा आणि तो किती रुतला ते डोळे मिटून पायानं चाचपायचा. पाणी निवळे, त्यातून ढग सरकत जात, हा आपला तिथंच.

"समुद्राचा तळ कसा असन, गुरुजी?"

"मले काय माहीत? मी काय मासा आहे?" मी हसलो होतो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

पुतणीच्या लग्नाला कोकणात निघालो, तेव्हा त्यानं तुपाचा रिकामा डबा हाती दिला. "तळाचा चिखल आना." मग पहिल्यांदाच सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ युसुफ महायुद्धात फौजेची साखळीचीच गाडी चालवायचा. जहाजातून किनाऱ्याकडे उतरताना गाडी समुद्रतळात रुतली, पोरगा वर आलाच नाही. सोबतचे म्हणाले, त्यानं घाई केली.

"गाडी मीच शिकवली त्याले. घाई त्याची, का माती कच्ची, तेवढं पाह्यचं आहे."

एका कोळ्यानं बुडी मारून डबा भरून दिला. युसुफ बुडाला तो समुद्र कुठला, हा किनारा कुठला. तरी डबा घट्ट बंद करून मी गावी आणला.

ओसरीवर मिस्त्रीनं लाकडी ट्रॅक्टर, दगड, सगळं मांडून ठेवलं होतं. डबा उघडून त्यानं नुसतं बोट टेकवलं. ते मुळापर्यंत आत गेलं. बराच वेळ त्यानं ते काढलं नाही.

"माती कच्चीच निघाली, मिस्त्री," मी म्हणालो. "युसुफचा दोष नव्हता."

"ते तर झालंच." तो डब्यातच पाहत होता. "लय नरम आहे, गुरुजी. लागलं नसन त्याले."