काचेच्या खोलीतले बिराजदार

बिराजदारांनी एकदा कॅन्टीनच्या इडलीला जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. "काल जाडी अठ्ठावीस मिलिमीटर, आज चोवीस. मधले चार कुणी खाल्ले? लेखी द्या."

चाकणच्या आमच्या कारखान्यात ते क्वालिटी इन्स्पेक्टर आणि मी त्यांचा साहेब, एकोणीस वर्षं. ते ज्याच्याशी भांडले नाहीत असा माणूस कंपनीत नव्हता. सकाळी कासारवाडीला कंपनीच्या बसमध्ये चढले की पहिली फेरी ड्रायव्हर शेखभाईंशी.

"असा ब्रेक दाबायलाव, मागं माणसं हायेत का बटाटे?"

"भाऊ, रस्ता तुमच्या सासऱ्याचा आहे का?"

"सासऱ्याचा असता तर खड्डे नसते. लेखी देतो."

मग गेटवरचा वॉचमन, अंगात ताप असताना ड्यूटीवर का आला म्हणून. मग स्टोअरमधले कदम, मुलीचं लग्न ठरल्याचं लपवलं म्हणून. दुपारपर्यंत माझ्या टेबलावर दोन-तीन तक्रारी यायच्या. भांडण कशावरून झालं, हे मी तेव्हा कधी विचारलं नाही; ही कारणं मला फार नंतर कळली.

कंटाळून मी त्यांना मेजरमेंट रूममध्ये टाकलं. काचेची खोली, बारा महिने वीस अंशाला गार, बूट बाहेर काढायचे. मोजायचा जॉब, म्हणजे तयार झालेला पार्ट, खिडकीतून आत येतो, रिपोर्ट कॉम्प्युटरवरून बाहेर जातो. आत माणूस एकच. सगळे म्हणाले, बिराजदारांची चैन आहे. मीही म्हणालो.

सुरुवातीला ते इंटरकॉमवर भांडायला बघत. "साहेब, तुमची सही तिरपी यायलीय." मी सांगितलं, मेल करा. मेल आला नाही. फोनही थांबले, तक्रारीही थांबल्या. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं आणि मी ते निर्लज्जपणे घेतलं. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मशिनचा आवाज जरा बदलला तर आम्ही अख्खी लाइन थांबवतो. इथे एक माणूस पार गप्प झाला आणि मी त्याला सुधारणा म्हणालो.

सहा महिन्यांनी शेखभाई थेट माझ्या केबिनमध्ये आले. बसा म्हटलं, बसले नाहीत.

"साहेब, भाऊ काल स्टॉपला उतरलाच नाही. डेपोपर्यंत बसून राहिला. उतर म्हटलं तर म्हणतो, घरी कोण आहे? तुम्ही साहेब ना त्याचे? बघत काय होता?"

मी बूट काढून काचेच्या खोलीत गेलो. बिराजदार मोजत होते. आवाज न चढवता बोलले, त्याचीच मला भीती वाटली. मुलगी लातूरला क्लासला, बायको तिच्याजवळ. दोन वर्षं झाली होती. मला आत्ता कळत होतं.

"परवा स्टेशनवर लई वेळ रुळांकडं बघत उभा होतो, साहेब. गाडीत बसायचं नव्हतं."

मी म्हणालो, "रजा घ्या." इतका मूर्ख मी.

"रजेत कुठं जाऊ?"

"डॉक्टरकडे. मी सोबत येतो, आजच. आधी वहिनींचा नंबर सांगा."

एकेक आकडा सावकाश सांगत ते नवव्यावर थांबले. "शेवटचा सांगत नाही. घाबरंल ती. पोरीची परीक्षा हाय."

मला संताप आला, त्यांचा नव्हे. दहाव्या जागी शून्य लावून मी पहिला फोन केला. राँग नंबर. मग एक, मग दोन. चौथ्या माणसाने मला सणसणीत शिवी दिली, तेव्हा बिराजदार खाली बघत म्हणाले, "आठ लावा."