दर्याबाई वकिलांनी लेकीसह जाऊन बंधाऱ्याचा तह केला, त्याची बखर

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि जिने पाळण्याची पहिली दोरी वळली त्या अनामिक माउलीसही नमन असो. शके पंधराशे एक्याण्णव, सौम्य नाम संवत्सर, माघ मास, ते समयी ऐसे वर्तमान जाले. कोणे एके राज्यी दर्याबाई नामे वकील होत्या. परराज्याशी बोलणी करावी आणि आपल्या राज्याचे हित राखून यावे, हे त्यांचे काम, आणि जे फौजेने साधत नसे ते बाई सतरंजीवर बसोन साधीत, ऐसा त्यांचा लौकिक. त्यांस कन्यारत्न जाले, नाव ठकूबाई ठेविले, आणि महाराजांनी संतोष पावोन सहा महिन्यांची रजा दिधली, वर डिंक, खोबरे आणि साजूक तूप पाठविले. मग सहा महिने शेक-शेगडीत, काजळ-तिटीत आणि जागरणात सरले, आणि सदरेवर रुजू होण्याचा दिवस उगवला. बाई जरीकाठी लुगडे नेसल्या, कपाळी कुंकू रेखले, आणि उंबरठ्यापर्यंत जाऊन परतल्या, लेकीचा मुका घेतला, पुन्हा गेल्या आणि पुन्हा परतल्या. तेव्हा त्यांचे यजमान सुभानजी, जे सरकारी पागेत घोडी राखीत, ते लेकीस खांद्यावर घेऊन बोलिले, “जावे आता. शिंगरे वाढविली मी, ही काय लाथा झाडते थोडीच.” आणि ठकूबाईंनी त्याच क्षणी लाथ झाडली ती सुभानजींच्या नाकावर बसली. बाई हसल्या, आणि डोळे पुसोन निघाल्या.

सदरेवर मसलत भारी होती. सरहद्दीवर एक बंधारा, त्याचे उन्हाळ्याचे पाणी शेजारच्या राज्याने सगळे आपल्याकडे वळवू मांडिले होते, आणि त्यांचे वकील नागोपंत हे आवाजाचे मोठे पराक्रमी. ते बोलू लागले म्हणजे राहुटीबाहेर घोडी बुजत. मागे आपले दोघे वकील गेले, ते कानात बोळे घालोन गेले आणि तरी डोके धरोन परतले. आता चैत्राआधी तह न जाल्यास खालची गावे कोरडी पडणार, म्हणोन सगळे दर्याबाईंच्या तोंडाकडे पाहात होते. बाई उभ्या राहिल्या आणि जुन्या सनदांचा दाखला देत उत्तम बोलू लागल्या, परंतु सहा महिन्यांची सवय अंगी मुरलेली, त्या उभ्या उभ्याच डुलू लागल्या. मग शेजारी उभे राहिलेले कारभारी केसोपंत नकळत डुलू लागले, मग चवरीवाला डुलू लागला, आणि भालदारास तर जांभई आली. इतकियात दिवेलागण जाली आणि बाईंचा पान्हा दाटून आला. त्या दरबाराची रीत ऐसी की, महाराजांनी विडा दिल्यावाचून कोणी उठू नये, मग रात्रीचा प्रहर उलटो की पोटात कावळे ओरडोत. बाईंनी थोडा वेळ ओठ दाबोन सोसले, मग मुजरा केला आणि विड्यावाचून चालत्या जाल्या.

सदरेवर कुजबुज माजली. दुसरे दिवशी केसोपंतांनी महाराजांस विनविले की, बाई गुणाच्या खऱ्या, पण आता त्यांचे चित्त पाळण्यापाशी, त्यांजवर दया करावी, मुदपाकखान्याची देखरेख द्यावी, तेथे काम हलके आणि भोजन गरम. पंतांच्या मनी वाईट नव्हते, ते खरेच दया करीत होते. बाईंस ती दया फार लागली. रात्रंदिवस जिची वाट पाहिली ती लेक, आणि उभ्या उमेदीने जी मिळविली ती वकिलात, या दोहोंत एक निवडावे ऐसे जो तो सांगत होता, आणि त्यांचे मन कशासच राजी होईना. तेव्हा महाराजांपुढे त्या स्पष्ट बोलिल्या, “वकिलातही माझी आणि लेकही माझी. एक टाक म्हणाल तर कोणती टाकू, हे महाराजांनीच सांगावे.” मग महाराजांनी निवाडा केला की, बंधाऱ्यावर बाईंनीच जावे, लेकीस न्यावे, अर्धे पाणी आणिले तर वकिलात कायम, न आणिले तर मुदपाकखाना. बाईंनी निवाडा मान्य केला.

मग स्वारी निघाली ती काय वर्णावी! पुढे निशाण, मागे पालखीत बाई, आणि त्यांच्या मागे घोड्यावर सुभानजी, छातीस झोळी बांधिलेली, झोळीत ठकूबाई, आणि खोगिरास दुपटी वाळत घातलेली. वाटेत लोक हसले तर सुभानजी त्यांस लेकीचा नवा दात दाखवीत आणि हसणारे आणिक हसत. बंधाऱ्यापाशी राहुटी दिधली, आणि दुसरे दिवशी सकाळी नागोपंत आले. त्यांनी आसनावर बसता बसता गर्जना केली की, बंधारा आमच्या आज्याने बांधिला, पाणी आमचे, थेंब देणार नाही! बाहेर घोडी बुजली. बाईंस वाटले, आता लेक टाहो फोडील आणि आपली बोलणी येथेच संपली. परंतु ठकूबाईंनी डोळे विस्फारले, पंतांकडे टक लावोन पाहिले, आणि खुदकन हसल्या. ऐसा श्रोता पंतांस जन्मात मिळाला नव्हता. ज्यांच्यापुढे गर्जावे ते एक तर घाबरत नाही तर चिडत, हसले कोणी नव्हते. पंत विरघळले आणि त्यांनी हात पुढे केले. मनात त्यांच्या हेही होते की, लेक परक्या मांडीवर पाहोन आई कासावीस होईल आणि लौकर नमेल. मग लेक मांडीवर घेतली, तिने त्यांच्या अंगरख्याचा बंद मुठीत धरिला, दोन जांभया दिल्या आणि ती गाढ झोपी गेली.

आणि येथेच पंत फसले. कारण दोन्ही राज्ये बाकी सगळ्यात भांडत, पण निजले मूल कोणी उठवू नये या एका गोष्टीत त्यांचे एकमत होते. पंतांनी पुढली गर्जना करावयास तोंड उघडिले, तो त्यांच्याच हुजऱ्याने ओठांवर बोट ठेविले. बाहेर त्यांच्याच स्वारांनी घोडी दूर नेली आणि शिपायांनी जोडे काढिले. पंत कुजबुजोन बोलिले, “बंधारा आमच्या आज्याने बांधिला.” बाईंनीही हळूच विचारिले, “आणि दगड कोणत्या डोंगरातून आणिला?” दगड खालच्या राज्यातला, निम्मे गवंडी खालचे, हे पंतांस ठाऊक होते, परंतु आजवर आपल्याच आवाजाच्या गजरात त्यांस ते कधी ऐकू आले नव्हते. मग त्यांनी दुसरे कारण काढिले, तेही कुजबुजल्यावर लुळे पडले, आणि तिसरे सांगता सांगता ते स्वतःच ओशाळले. बाईंचे लक्ष एकदा सनदेकडे आणि एकदा लेकीच्या श्वासाकडे होते, आणि त्यांस नवल वाटले की दोन्हीकडे पुरे होते, कोठे काही सांडत नव्हते. दुपार कलली तेव्हा अर्धे पाणी वर, अर्धे खाली, ऐसा तह ठरला, आणि पंतांनी उजवा हात लेकीखाली अडकलेला म्हणोन डाव्या हाताने शिक्का उमटविला. मग ठकूबाई जाग्या जाल्या, भुकेने त्यांनी टाहो फोडिला तो नागोपंतांच्या वरताण, आणि पंत कौतुकाने बोलिले, “ही पुढे वकील होणार.” पायांस मुंग्या आल्यामुळे त्यांस चौघांनी उचलोन नेले.

स्वारी परतली तेव्हा वेशीवर नौबत वाजली. केसोपंत सामोरे आले आणि म्हणाले की, काय ही मसलत, नेमके मांडीवर मूल निजविले, ऐसा डाव आम्हांस जन्मात सुचता ना. तेव्हा बाई बोलिल्या, “पंत, या मुलीस निजविणे माझ्या हाती असते, तर मी सहा महिने जागले असते काय?” पंत आधी गोंधळले, मग हसले, आणि त्यांनी सर्वांसमक्ष कबूल केले की मुदपाकखान्याची गोष्ट आपण काढावयास नको होती.

महाराजांनी वकिलात कायम केली, वस्त्रे दिली, आणि काय मागणे ते मागावे म्हणाले. बाईंनी मागितले की, ज्याचे घरी मूल आहे त्यास दिवेलागणीस विड्यावाचून उठण्याची मुभा असावी. महाराजांनी मुभा दिली. प्रथम एकट्या बाईच उठत. मग पागेतून सुभानजी उठू लागले, मग दोघे तरणे कारकून, आणि एके दिवशी साठीचे केसोपंत उठले आणि लाजत म्हणाले की घरी नातू आहे. मग एके सायंकाळी महाराजांनी मान वर करोन पाहिले तो सदर रिकामी. तेव्हा तेही उठले आणि प्रथमच उजेडी अंतःपुरात गेले. तेथे तीन वर्षांचे युवराज लाकडी हत्ती खेळत होते, त्यांनी दासीस विचारिले, “हे कोण आले?” महाराजांनी मुगुट उतरोन बाजूस ठेविला, जमिनीवर बसले, आणि हत्तीची दोरी मागितली.

येणेप्रमाणे बंधाऱ्याचे पाणी निम्मे निम्मे वाटले गेले आणि सदर संध्याकाळी मोकळी होऊ लागली. राज्य बुडेल ऐसे कित्येक म्हणत होते, ते बुडले नाही. दर्याबाईंनी पुढे आणिक तह केले, आणि त्या राज्यातली मुले आपले बाप ओळखू लागली. इति.